100 अँपिअर-अवर म्हणजे नेमकी किती वीज?

"बॅटरीवर 100 अँपिअर-अवर लिहिलंय ना? 12 व्होल्टने गुणा, 1200 वॅट-अवर. दोन रात्री आरामात निघतील." कॅम्पिंगला जाणाऱ्यांत हा हिशेब वर्षानुवर्षं फिरतोय. गुणाकार बरोबर आहे, पण तेवढी वीज हाती लागत नाही.

लेड-ॲसिड बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे उरले 600. शिवाय तो 100 चा आकडा साधारणपणे 20 तासांत, 5 अँपिअरने सावकाश वीज काढली तरचा. इन्व्हर्टरवर 1000 वॅटची किटली लावा: बॅटरीतून 90 अँपिअरच्या आसपास ओढले जातात आणि मिळणारी क्षमता आणखी आक्रसते. जर्मन शास्त्रज्ञ पॉयकर्टने 1897 मध्येच हे मांडलं होतं. इन्व्हर्टर स्वतःही दहाएक टक्के गिळतो, नुसता चालू ठेवला तरी काहीतरी खातोच. (फोन आणि दिवे थेट 12 व्होल्टवर चालतात, मग इन्व्हर्टर हवाच कशाला?)

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतली 80 ते 90 टक्के वीज बिनघोर वापरता येते. फक्त शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये.

बॅटरीत किती वीज उरली हे व्होल्टेजवरून बघायचं तर सगळं बंद करून थोडा वेळ थांबा. लेड-ॲसिडमध्ये 12.7 म्हणजे भरलेली, 12.1 च्या आसपास निम्मी. "अजून 12 दाखवतंय की!" म्हणणाऱ्याची बॅटरी निम्म्याखाली गेलेली असते.