जर्मन ऑपेरा पण शब्द इंग्लिश: या जुन्या रेकॉर्ड्स आल्या कुठून?

जुन्या ऑपेराच्या रेकॉर्ड्स ऐकायचा नाद लागला की कधी ना कधी हे समोर येतंच. वर लिहिलेलं असतं वाग्नर (१९व्या शतकातला जर्मन संगीतकार), 'तानहॉयझर' (त्याचा एक ऑपेरा), आणि लावलं की बुवा चक्क इंग्लिशमध्ये गातायत. खरखर इतकी असते की आधी भाषाच कळत नाही, मग एखादा 'स्टार' नाहीतर 'ईव्हनिंग' कानावर पडतो आणि आपण चपापतो. बहुतेकांना वाटतं की हे काहीतरी हौशी लोकांचं काम असणार, ज्यांना जर्मन येत नव्हतं त्यांनी उरकून टाकलेलं. तसं अजिबात नाहीये. यातले बरेच गायक त्या काळातले पहिल्या फळीतले होते, आणि त्यांनी इंग्लिशमध्ये गाण्यामागे युद्ध, पैसा, कंपन्यांचं मार्केट आणि लंडनमधल्या थिएटरांचं आपसातलं राजकारण असं बरंच काय काय आहे.

मुळात ऑपेरा मूळ भाषेतच गायचा हे सोवळं १९व्या शतकात कुणी फारसं पाळत नव्हतं. लंडनच्या कोव्हेंट गार्डन या मोठ्या ऑपेरा थिएटरचं नावच १८४७ पासून १८९२ पर्यंत 'रॉयल इटालियन ऑपेरा' होतं, आणि तिथे जर्मन असो की फ्रेंच, सगळं इटालियनमध्ये व्हायचं. वाग्नरचा लंडनमध्ये रंगमंचावर आलेला पहिला ऑपेरा म्हणजे 'फ्लाइंग डचमन', १८७० साली ड्रुरी लेन थिएटरमध्ये, तोही इटालियनमध्ये! म्हणजे लिहिणारा जर्मन, ऐकणारे इंग्रज, आणि भाषा दोघांचीही नाही. इटालियन ही उमरावांची फॅशन होती, बॉक्समध्ये बसणाऱ्यांना शब्द कळले काय नि न कळले काय, फरक पडत नव्हता.

इंग्लिशमधला ऑपेरा हा बाकीच्या पब्लिकसाठी. यातलं मोठं नाव कार्ल रोझा. हा माणूस हॅम्बर्गचा, म्हणजे स्वतः जर्मन, आणि त्याने १८७३ मध्ये कंपनी काढून गावोगाव इंग्लिशमध्ये ऑपेरा करायला घेतला. १८७६ ला त्याने लायसियम थिएटरमध्ये 'फ्लाइंग डचमन' इंग्लिशमध्ये केला आणि डचमनच्या भूमिकेत घेतलं चार्ल्स सँटलीला, ज्याने सहा वर्षांपूर्वी हीच भूमिका इटालियनमध्ये केली होती. सँटलीने ती जर्मनमध्ये न करता दोनदा गाजवली आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

याच्याही मागे गेलं तर वेबर हा जर्मन संगीतकार आहे. १८२४ ला त्याच्या 'फ्रायशुट्झ'ने लंडनला असं वेड लावलं की वेगवेगळ्या थिएटरांत एकाच वेळी त्याच्या निरनिराळ्या इंग्लिश आवृत्त्या चालू होत्या. मग कोव्हेंट गार्डनने त्याच्याकडून खास इंग्लिश ऑपेराच लिहून घेतला, 'ओबेरॉन', १८२६. त्यानंतर दोनच महिन्यांत बिचारा लंडनमध्येच वारला. आता यातली ती प्रसिद्ध 'ओशन, दाऊ मायटी मॉन्स्टर' ही आरिया, म्हणजे ऑपेरातलं एकट्याने गायचं गाणं, बघा, ती मुळातच इंग्लिश शब्दांवर बांधलीये, आणि बहुतेक बायका तिची जी रेकॉर्ड करतात ती असते जर्मनमध्ये, म्हणजे भाषांतरात. मारिया कॅलासने १९६२ ला लंडनच्या मैफलीत ती इंग्लिशमध्ये गायली तेव्हा ती मूळ भाषेतच गात होती. शुद्धतेवाल्यांना हे सांगून बघा, जरा मजा येते.

रेकॉर्डिंग आलं तेव्हा ही सगळी सवय तशीच्या तशी तबकडीवर उतरली. अडेलिना पॅटी ही त्या काळातली सगळ्यात मोठी सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीची गायिका, साठी उलटल्यावर १९०५ मध्ये तिने वेल्समधल्या आपल्या वाड्यात बसून रेकॉर्डिंग केलं, त्यात 'लास्ट रोझ ऑफ समर' आहे. हे गाणं फ्लोटोच्या 'मार्था' या जर्मन ऑपेरात आहे, पण फ्लोटोने ते उचललं होतं आयरिश कवी थॉमस मूरकडून, त्यामुळे पॅटी इंग्लिशमध्ये गायली ती खरंतर घरवापसीच. त्याच 'मार्था'मधली टेनरची, म्हणजे उंच पट्टीच्या गायकाची, आरिया मात्र जगभर पोचली इटालियन गायक कारुसोच्या आवाजात, इटालियनमध्ये, 'मापारी' या नावाने, आणि आजही कित्येकांना तो इटालियन ऑपेराच वाटतो.

तेव्हाचा ग्राहक म्हणजे घरात पियानो असलेला मध्यमवर्ग. त्याला 'तानहॉयझर' अख्खा नको होता, त्यातलं एक गोड गाणं हवं होतं, 'ओ स्टार ऑफ ईव्ह', जे तो घरी स्वतःही गात असे. 'मायस्टरसिंगर'मधलं प्राइझ साँग पण तसंच, जॉन मकॉर्मॅकने ते १९१६ ला इंग्लिशमध्ये रेकॉर्ड केलं आणि ऐकताना ते ऑपेरापेक्षा एखाद्या आयरिश भावगीतासारखं वाटतं. मला ते आवडतं, वाग्नरच्या कट्टर भक्तांना नाही आवडत.

मग महायुद्ध. अमेरिका १९१७ ला युद्धात उतरली आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने जर्मन ऑपेरे सरळ बंद केले. १९२० मध्ये 'पार्सिफाल' परत आला तो इंग्लिशमध्ये, कारण संगीत चालेल पण स्टेजवर जर्मन शब्द नकोत अशी हवा होती. इंग्लंडमध्ये कंडक्टर टॉमस बीचमने जरा वेगळं केलं, त्याने युद्ध चालू असतानाही वाग्नर केला, पण इंग्लिशमध्ये आणि इंग्लिश गायकांना घेऊन. तशी पायवाट आधी पडलेली होतीच, कारण १९०८ ला हान्स रिश्टरने कोव्हेंट गार्डनमध्ये अख्खं 'रिंग', म्हणजे वाग्नरची चार ऑपेरांची मालिका, इंग्लिशमध्ये केलं होतं. हा रिश्टर म्हणजे १८७६ ला बायरॉइटमध्ये खुद्द वाग्नरच्या देखरेखीखाली पहिलं 'रिंग' कंडक्ट करणारा माणूस. त्याला चाललं, मग आपण कोण बोलणार.

बीचमची कंपनी १९२० ला पैशाअभावी बसली आणि त्यातल्याच मंडळींनी १९२२ ला ब्रिटिश नॅशनल ऑपेरा कंपनी उभी केली. या कंपनीमुळेच त्या खरखरीत रेकॉर्ड्स आपल्यापर्यंत आल्यात. १९२२ च्या मे महिन्यात कोव्हेंट गार्डनला यांच्याकडून 'रिंग'ची नायिका ब्रुनहिल्ड म्हणून उभी राहिली फ्लॉरेन्स ऑस्ट्रल, मेलबर्नची पोरगी, खरं आडनाव विल्सन, देशावरून स्टेजचं नाव घेतलेलं. पुढच्या जानेवारीत बीबीसीने, जी जेमतेम दोन-तीन महिन्यांची होती, याच कंपनीचा 'मॅजिक फ्लूट' थिएटरमधून थेट रेडिओवर लावला, इंग्लिशमध्येच. आणि एचएमव्हीने अल्बर्ट कोट्सला कंडक्टर घेऊन 'रिंग' आणि 'मायस्टरसिंगर'मधले मोठमोठे भाग इंग्लिशमध्ये रेकॉर्ड करायला घेतले, ऑस्ट्रल, ट्यूडर डेव्हिस, रॉबर्ट रॅडफर्ड अशी सगळी फौज घेऊन.

हे रेकॉर्डिंग कसं व्हायचं ते डोळ्यासमोर आणा. मायक्रोफोन नाही. भिंतीतून बाहेर आलेला एक मोठा कर्णा, त्याच्या तोंडाशी गायक, आणि मागे दाटीवाटीने बसवलेला कापलेला ऑर्केस्ट्रा. वाग्नरला शंभरेक वादक लागतात, इथे त्यातले थोडेच मावायचे. डबल बेसचा आवाज कर्णा पकडत नसे म्हणून त्याच्या जागी ट्यूबा, आणि साध्या व्हायोलिनऐवजी स्ट्रो व्हायोलिन, ज्याला लाकडी पोटाऐवजी स्वतःचाच एक छोटा धातूचा कर्णा असतो. वरची जोरदार पट्टी आली की गायकाने मागे सरकायचं नाहीतर सुई उडायची, हळू जागा आली की परत पुढे. एका बाजूला चार-साडेचार मिनिटं, संपलं की थांबायचं, मग 'रिंग'मधला देवांचा राजा वोटान वाक्याच्या मध्यात असला तरी. जुन्या नाट्यपदांच्या तबकड्या ज्यांनी ऐकल्यात त्यांना ही घाई लगेच ओळखू येईल. आणि हा योगायोग नाही, कंपनी तीच आणि यंत्रही तेच. कंपनीसाठी रेकॉर्डिंग करणारा फ्रेड गाइसबर्ग १९०२ च्या एप्रिलमध्ये मिलानला कारुसोचं रेकॉर्डिंग करून आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कलकत्त्यात गौहर जानसमोर असाच कर्णा लावून बसला होता.

तर या इंग्लिश रेकॉर्ड्समध्ये शब्द किती कळतात? खरं सांगायचं तर अर्धेअधिक नाही कळत. भाषांतर बहुतेक फ्रेडरिक जेमसनचं, सगळं 'दाऊ' आणि 'दी' आणि उलटी वाक्यरचना, इंग्रजालाही दोनदा वाचावं लागेल असं. ऑस्ट्रलची आरोळी तेवढी स्वच्छ, कारण 'होयोतोहो'चं भाषांतर करायची गरजच नव्हती. पण आवाज! कर्ण्याच्या त्या डब्यातूनही तो असा येतो की खुर्चीत सावरून बसावं लागतं.

आणि मग पाच-सहा वर्षांत चित्र पालटलं. १९२४ पासून कोव्हेंट गार्डनला जर्मन सीझन परत सुरू झाला, ब्रुनो वॉल्टर आला, फ्रीडा लायडर, फ्रीडरिश शोर, लाउरित्झ मेल्खिओर असे लोक येऊ लागले. १९२५ ला मायक्रोफोन आला, जुन्या रेकॉर्ड्स एका रात्रीत शिळ्या झाल्या. एचएमव्हीने 'रिंग' पुन्हा रेकॉर्ड करायला घेतलं, कंडक्टरांत कोट्स आहेच, गायकांत ऑस्ट्रलही आहे, यॉर्कशरच्या लोकरीच्या गिरणीतून आलेला टेनर वॉल्टर विडॉपही आहे, पण आता सगळे जर्मनमध्ये गातायत. कारण सोपं होतं, इंग्लिश रेकॉर्ड फक्त इंग्लिश बोलणाऱ्या देशांत खपते, जर्मन रेकॉर्ड बर्लिनमध्येही खपते आणि बॉस्टनमध्येही. कलेच्या शुद्धतेच्या गप्पा लोकांनी त्याला नंतर जोडल्या असं माझं मत.

तरी इंग्लिश संपलं नाही, ते फक्त खाली झिरपलं. १९२९ मध्ये मँचेस्टरच्या शाळांतल्या २५० पोरांनी फ्री ट्रेड हॉलमध्ये हॅले ऑर्केस्ट्राबरोबर एक रेकॉर्ड केली, एका बाजूला पर्सेलचं 'निम्फ्स अँड शेफर्ड्स' आणि दुसऱ्या बाजूला 'हान्सेल अँड ग्रेटेल'मधलं नाचाचं गाणं, अर्थात इंग्लिशमध्ये. ती दहा लाखांवर खपली. ऑपेरेटाचं, म्हणजे हलक्याफुलक्या ऑपेराचं, तर विचारूच नका. लेहारच्या 'लँड ऑफ स्माइल्स'मधलं 'यू आर माय हार्ट्स डिलाइट' रिखार्ड टाऊबरने १९३१ ला लंडनला येऊन इंग्लिशमध्ये गायलं, आणि दोनच वर्षांत नाझींनी त्याला बर्लिनमध्ये मारहाण केल्यावर हा माणूस जर्मनीतून निघाला, शेवटी इंग्लंडमध्येच स्थिरावला आणि पुढे ब्रिटिश नागरिक झाला. त्याचे इंग्लिश उच्चार शेवटपर्यंत व्हिएन्नाकडचेच राहिले आणि लोकांना तेच आवडायचं.

दुसऱ्या महायुद्धानंतर कोव्हेंट गार्डनने ठरवलं की आपली स्वतःची कंपनी, आणि सगळं इंग्लिशमध्ये. हा प्रयोग ऐकायला भारी वाटतो पण करणाऱ्यांचे हाल होते. १९४८ ला किर्स्टन फ्लॅगस्टाड आणि हान्स हॉटर, म्हणजे जगातली पहिल्या नंबरची ब्रुनहिल्ड आणि वोटान, या दोघांनी 'द व्हॅल्किरी' ('रिंग'चा दुसरा भाग) इंग्लिशमध्ये पाठ केलं, हातावर मोजण्याइतक्या प्रयोगांसाठी, जे शब्द त्यांना दुसऱ्या कुठल्याच थिएटरात वापरता येणार नव्हते. असा गायक दरवेळी कुठून आणणार? १९५० चं दशक संपेपर्यंत कोव्हेंट गार्डन गुपचूप मूळ भाषेवर आलं. त्यात एलपी आली, सोबत पुस्तिका, एका बाजूला जर्मन आणि शेजारी इंग्लिश, म्हणजे अर्थ कळायची सोय घरबसल्या झाली.

इंग्लिशचा किल्ला राहिला लंडनच्याच सॅडलर्स वेल्स या ऑपेरा कंपनीकडे. त्यांची १९५८ ची 'मेरी विडो'ची एलपी प्रचंड चालली, त्यात जून ब्रॉनहिल, ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल या खाणीच्या गावातली, गावाने वर्गणी काढून तिला लंडनला धाडलं म्हणून गावाचंच नाव लावलेली. आणि मग १९६८ च्या जानेवारीत तिथे 'मास्टरसिंगर्स', म्हणजे इंग्लिशमधला 'मायस्टरसिंगर', झाला, कंडक्टर रेजिनल्ड गुडऑल.

हा गुडऑल म्हणजे अजब प्रकरण. १९४५ ला संगीतकार बेंजामिन ब्रिटनच्या 'पीटर ग्राइम्स'चा पहिला प्रयोग त्याने कंडक्ट केला होता, नंतर कोव्हेंट गार्डनने त्याला वर्षानुवर्षं माळ्यावरच्या खोलीत गायकांची तालीम घ्यायला बसवलं, त्या खोलीला लोक 'वालहाला' म्हणायचे. राजकीय मतं भयंकर, मोस्ली या ब्रिटिश पुढाऱ्याच्या फॅसिस्टांच्या बाजूचा, ते लपवायचं काही कारण नाही. पण पासष्टी उलटल्यावर त्याला वाग्नर मिळाला आणि त्याने एकेका गायकाला महिनोन्महिने एकेक ओळ घोकवली. मग आलं 'रिंग', त्याचं भाषांतर नवीन, अँड्र्यू पोर्टर या संगीत समीक्षकाचं, ज्याने 'दाऊ-दी' हाकलून देऊन आजच्या माणसाला कळेल असं इंग्लिश लिहिलं आणि महत्त्वाचा शब्द शक्यतो मूळ सुरावरच राहील याची काळजी घेतली, कारण वाग्नरमध्ये तलवार म्हटलं की तलवारीची धून तिथेच वाजते, शब्द दोन सूर सरकला तर सगळा खेळ फिसकटतो.

गायक रीटा हंटर आणि अल्बर्टो रेमेडिओस, दोघेही लिव्हरपूलच्या पट्ट्यातले. रेमेडिओस आडनाव वाचून गोव्याचा वाटेल पण घराणं स्पॅनिश मुळाचं, आणि हा गडी आधी गोदीत वेल्डिंग करायचा, मग त्यानेच सीगफ्रीड होऊन तलवार घडवली. 'रिंग'चे हे चारही भाग १९७३ ते १९७७ मध्ये लंडनच्या कॉलिसियममध्ये प्रयोग चालू असताना रेकॉर्ड झाले, ईएमआयने काढले, आणि पैशाचा मोठा भार उचलला पीटर मूर्सच्या फाउंडेशनने, ज्याच्या घरची संपत्ती फुटबॉलच्या पैजांच्या धंद्यातून आलेली. गती इतकी संथ की काहींना जांभया येतात. मला उलट वाटतं, त्या गतीमुळेच प्रत्येक शब्द कळतो.

याच मूर्सच्या पैशावर पुढे शँडोस कंपनीने 'ऑपेरा इन इंग्लिश' ही मोठी मालिका काढली, 'फिडेलिओ', 'मॅजिक फ्लूट', 'सलोमे', अगदी 'वोत्सेक'सुद्धा, शिवाय एकेका गायकाच्या आरियांच्या वेगळ्या सीडी. पण तोवर टोरंटोमध्ये १९८३ ला 'इलेक्ट्रा'च्या वेळी स्टेजच्या वर भाषांतराची पट्टी झळकली होती आणि ती जगभर पसरली. इंग्लिश नॅशनल ऑपेरा, म्हणजे तेच जुनं सॅडलर्स वेल्स, आजही इंग्लिशमध्ये गातं, पण २००५ पासून तिथेही वर पट्टी आहे, इंग्लिश गाण्याला इंग्लिश सबटायटल! यावर काय बोलायचं.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर ऑस्ट्रलपासून नको, कान तयार नसतील तर खरखरीत सगळं वाया जाईल. गुडऑलच्या 'व्हॅल्किरी'चा पहिला अंक घ्या, शेवटची वीस मिनिटं, रेमेडिओस आणि मार्गरेट कर्फी, पुस्तिका न उघडता.