नॅशनल अकॅडमी ऑफ मेडिसिनचे अध्यक्षपद

नॅशनल अकॅडमी ऑफ मेडिसिन ही अमेरिकेतील सरकारबाह्य, ना-नफा वैद्यकीय सल्लागार संस्था. १९७० साली वॉशिंग्टन येथे ती ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ या नावाने स्थापन झाली आणि १ जुलै २०१५ पासून तिला आजचे नाव मिळाले. तिच्या प्रमुखास अध्यक्ष म्हणतात. मुदत सहा वर्षांची असते. संस्थेकडे स्वतःचे रुग्णालय नाही, प्रयोगशाळा नाही, कायदा करण्याचा वा औषधाला परवाना देण्याचा अधिकार नाही. लस, रुग्णसुरक्षा, परिचारिकांचे काम, आहार, व्यसने अशा प्रश्नांवर पुरावे तपासून सल्ला देणे, एवढेच तिचे भांडवल. या सल्ल्याचा एकही शब्द सहसा अध्यक्ष स्वतः लिहीत नाही. तो समित्या लिहितात. समितीवर योग्य माणसे यावीत, त्यांच्यावर कोणाचा दाब येऊ नये आणि निष्कर्ष अडचणीचा निघाला तरी तो जसाच्या तसा लोकांपुढे जावा, हे पाहणे हे अध्यक्षाचे खरे काम.

या व्यवस्थेचे मूळ १८६३ सालच्या एका सनदेत आहे. यादवी युद्ध चालू असताना, ३ मार्च १८६३ रोजी, राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या स्थापनेच्या कायद्यावर सही केली. सरकारच्या कोणत्याही खात्याने विचारल्यास अकादमीने त्या विषयाचा तपास करून अहवाल द्यावा. प्रत्यक्ष खर्च सरकारने भरून द्यावा, पण सेवेबद्दल अकादमीने कसलाही मोबदला घेऊ नये, असे त्यात म्हटले आहे. मोबदल्याबाबतची ती अट संस्थेच्या साऱ्या प्रतिष्ठेचा पाया ठरली. समितीचे सदस्य आजही मानधन घेत नाहीत. त्यांना प्रवास आणि मुक्कामाचा खर्च तेवढा मिळतो. मात्र अभ्यासाचा खर्च बहुतेक वेळा ज्या खात्याने प्रश्न विचारला तेच खाते उचलते. ज्याचे पैसे त्यालाच न आवडणारे उत्तर देण्याची वेळ येऊ शकते. या पदावरचा ताण तिथून सुरू होतो.

वैद्यकासाठी वेगळी संस्था हवी ही मागणी १९६० च्या दशकात पुढे आली. हृदयरोगतज्ज्ञ अर्विन पेज यांना नामवंत डॉक्टरांची स्वतंत्र अकादमी हवी होती. वॉल्श मॅकडरमॉट यांच्या मते, मानाचे पान देणारी आणखी एक सभा काढण्यापेक्षा समाजाच्या आरोग्याच्या प्रश्नांना हात घालणारी संस्था अधिक गरजेची होती. १९६७ मध्ये सायन्सेस अकादमीत वैद्यक मंडळ नेमले गेले आणि तीन वर्षांनी इन्स्टिट्यूट उभी राहिली. किमान एक चतुर्थांश सदस्य आरोग्य व्यवसायांच्या बाहेरचे असावेत, हा नियम त्या वादातूनच आला. वकील, अर्थतज्ज्ञ, अभियंते, समाजशास्त्रज्ञ डॉक्टरांच्या शेजारी बसतात, ही या संस्थेची सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणावी लागेल.

पहिले अध्यक्ष जॉन हॉगनेस १९७४ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्रमुख म्हणून सिॲटलला परतले. त्यांच्यामागून आलेले डोनाल्ड फ्रेडरिकसन वर्षभरातच सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचे संचालक झाले. १९७५ मध्ये आलेले मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड हॅम्बर्ग यांच्या निवडीला एका प्रसंगाची पार्श्वभूमी होती. त्याच वर्षी टांझानियातील गोंबे येथील चिंपांझी संशोधन केंद्रातून काही विद्यार्थ्यांना झाईरेमधील (आजचे काँगो) बंडखोरांनी पळवून नेले होते. त्यांचे प्राध्यापक या नात्याने हॅम्बर्ग स्वतः तिकडे गेले आणि सुटकेच्या वाटाघाटींत उतरले. १९८० मध्ये आलेले फ्रेडरिक रॉबिन्स हे पोलिओ विषाणूवरील कामासाठी १९५४ चे नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ होते. सॅम्युएल थीअर यांच्या काळात, १९८६ साली, सायन्सेस अकादमीबरोबर एड्सवरील संयुक्त अहवाल निघाला. संशोधन आणि प्रतिबंध मिळून १९९० पर्यंत दरसाल दोन अब्ज डॉलर खर्चावेत, असे त्यात स्पष्ट लिहिले होते.

मराठी वाचकाला ‘समिती नेमली’ म्हटले की प्रश्न बासनात गेला, असेच वाटते. म्हणूनच इथली रीत जवळून पाहण्यासारखी आहे. सदस्यांची तात्पुरती यादी आधी जाहीर होते आणि लोकांना तिच्यावर हरकती घेता येतात. १९९७ च्या कायदादुरुस्तीने हे बंधनकारक केले. पहिल्या बैठकीत दार बंद करून एक फेरी होते. टेबलाभोवती बसलेला प्रत्येक जण आपले हितसंबंध सांगतो: कोणत्या कंपनीचे शेअर आहेत, संशोधनाला पैसा कुठून आला, या विषयावर पूर्वी जाहीरपणे काय बोललो. साक्षी आणि माहिती घेण्याच्या बैठका उघड असतात, निष्कर्षावरची चर्चा बंद खोलीत होते. मसुदा बाहेरच्या परीक्षकांकडे जातो. अहवाल छापून येईपर्यंत ती माणसे कोण हे समितीलाही कळत नाही आणि त्यांच्या प्रत्येक आक्षेपाला लेखी उत्तर द्यावे लागते. पैसे देणाऱ्या खात्याला मसुदा दाखवला जात नाही. अहवाल संस्था स्वतः प्रसिद्ध करते. तो दडपून ठेवण्याची सोय सरकारपाशी नाही.

या रीतीची ताकद सर्वाधिक दिसली ती १९९९ च्या नोव्हेंबरअखेर. हृदयरोगतज्ज्ञ केनेथ शाईन तेव्हा अध्यक्ष होते आणि आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचा विषय त्यांनी लावून धरला होता. अमेरिकी रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० रुग्ण दगावत असावेत, असा अंदाज संस्थेच्या एका अहवालात मांडला गेला. हे आकडे न्यूयॉर्क आणि कोलोरॅडो-युटा येथील दोन जुन्या अभ्यासांवरून काढले होते. त्यांवर पुढे बराच वाद झाला. पण चूक म्हणजे एखाद्या परिचारिकेचा वा डॉक्टरचा निष्काळजीपणा, ही समजूत त्या अहवालाने हलवली. दोष बहुधा कामाच्या पद्धतीत असतो हे त्याने ठासून सांगितले. काही दिवसांतच राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सरकारी यंत्रणेला त्याचा विचार करण्यास सांगितले. स्वतः डॉक्टर असलेल्या अध्यक्षाच्या संस्थेने आपल्याच व्यवसायाचे असे चित्र लोकांपुढे ठेवावे, याला धैर्य लागते.

२००२ मध्ये आलेले हार्वे फाइनबर्ग यांची या पदासाठीची तयारी आगळी होती: फसलेल्या वैद्यकीय सल्ल्याचा अभ्यास त्यांनी तरुणपणीच केला होता. फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यू जर्सीतील फोर्ट डिक्स तळावर एक जवान स्वाइन फ्लूने दगावला. तज्ज्ञांना १९१८ ची फ्लूची भीषण साथ आठवली. २४ मार्चला राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी शास्त्रज्ञांची बैठक बोलावली. पोलिओ लसीचे जनक साल्क आणि सेबिन दोघेही हजर होते. कोणाचा विरोध आहे का, असे फोर्ड यांनी विचारले. कोणी बोलले नाही. मी काही वेळ माझ्या दालनात थांबतो, कोणाला एकट्याने शंका सांगायची असेल तर यावे, असेही ते म्हणाले. कोणीही गेले नाही. त्याच दिवशी साऱ्या देशाला लस देण्याची घोषणा झाली. साथ आलीच नाही. चार कोटींहून अधिक लोकांना लस दिल्यावर गिलाँ-बारे या मज्जाविकाराचे रुग्ण आढळले आणि १६ डिसेंबरला मोहीम थांबवावी लागली. पुढे आरोग्यखात्याच्या नव्या सचिवांनी या निर्णयाची चिकित्सा राज्यशास्त्रज्ञ रिचर्ड न्यूस्टॅट आणि फाइनबर्ग यांच्यावर सोपवली. तुटपुंज्या पुराव्यावर तज्ज्ञांनी फाजील विश्वास ठेवला; लस तयार ठेवणे आणि ती टोचणे हे दोन वेगळे निर्णय एकत्र बांधले; परिस्थिती बदलल्यास फेरविचार कधी करायचा हे आधी ठरवलेच नाही, अशी त्यांची निरीक्षणे होती. सल्लागारांनी ती आजही भिंतीवर लावून ठेवावीत. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या वेळी फाइनबर्ग अध्यक्षपदी होते. भारतातला त्या साथीचा पहिला बळी ऑगस्टमध्ये पुण्यात गेला आणि शहर मास्क शोधत फिरले, ते अनेकांना आठवत असेल. त्या साथीत जागतिक आरोग्य संघटनेने कसे काम केले हे तपासणाऱ्या समितीचे प्रमुखपदही पुढे त्यांच्याकडेच आले.

२०१४ मध्ये व्हिक्टर डझाऊ अध्यक्ष झाले. शांघायमध्ये जन्मलेल्या आणि हाँगकाँगमध्ये वाढलेल्या या हृदयरोग संशोधकाच्या कारकिर्दीत नाव बदलले, आणि नावाबरोबर रचनाही. समित्यांकरवी अहवाल काढण्याचे काम सायन्सेस, अभियांत्रिकी आणि वैद्यक या तिन्ही अकादम्यांच्या सामाईक आरोग्य विभागाकडे गेले; सदस्यत्व, शिष्यवृत्त्या आणि स्वतःचे उपक्रम वैद्यक अकादमीकडे राहिले. अध्यक्षाचा मान त्यामुळे वाढला, पण अहवालांवरची थेट पकड सैल झाली. रोजचा कारभार कार्यकारी अधिकारी पाहतो; २०१६ पासून काही वर्षे मायकेल मॅकगिनिस यांनी हे काम पाहिले. त्या पदाला आरोग्यविमा उद्योगातील लेनर्ड शेफर यांचे नाव जोडलेले आहे.

देणग्यांचा प्रश्न २०२३ मध्ये उघड्यावर आला. ऑक्सिकॉन्टिन हे अफूवर्गीय वेदनाशामक बनवणाऱ्या पर्ड्यू फार्मा कंपनीची मालकी ज्या सॅक्लर घराण्याकडे होती, त्यातील व्यक्तींकडून अकादम्यांना वर्षानुवर्षे मिळून सुमारे १.९ कोटी डॉलर मिळाल्याचे वृत्तपत्रांनी छापले. याच काळात अकादम्या वेदना आणि अफूवर्गीय औषधांवर सरकारला सल्ला देत होत्या. समितीतल्या प्रत्येकाचे शेअर विचारणारी फेरी संस्थेच्या स्वतःच्या तिजोरीपर्यंत पोचत नव्हती. वास्तविक इन्स्टिट्यूटनेच २००९ मध्ये वैद्यकातील हितसंबंधांवर एक सविस्तर अहवाल काढला होता. त्यात संस्थांच्या हितसंबंधांसाठी वेगळे प्रकरण आहे. संशोधन, शिक्षण वा उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थांच्या नियामक मंडळांनी अशा हितसंबंधांवर देखरेख करणारी स्थायी समिती नेमावी आणि तिच्यात मंडळाबाहेरचा निदान एक माणूस असावा, ही शिफारस तिथे लिहिलेली आहे.