तीन पहारेकरी आणि एकच वार

धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यावर बेतलेला, निव्वळ अक्षरांचा एक खेळ आहे असं समजा. पडद्यावर उमटतं: ‘तुम्ही वरच्या दरवाजात आहात. इथे पहारेकरी उभा आहे. इथे पहारेकरी उभा आहे. इथे पहारेकरी उभा आहे.’ तुम्ही टाइप करता, ‘मार पहारेकरी’. एंटर दाबता आणि वार बसतो. तिघांपैकी नेमक्या कुणावर?

अशा खेळांना ‘मड’ म्हणतात. चित्र नाही, आवाज नाही. एकाच सर्व्हरवर बरेच जण एकाच वेळी हुकूम टाइप करतात आणि उत्तरं वाचतात. पहिला मड १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टलने तो पुढे नेला. १९९१ मध्ये कोपनहेगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा डिकुमड आला. त्याच्यावरून १९९३ मध्ये जेरेमी एल्सनने सर्कलमड केला, आणि तो उतरवून घेऊन जगभर लोकांनी आपापले खेळ थाटले. पुढचं बरचसं वर्णन या डिकू घराण्याचं आहे.

पडद्यावर दिसतं ते वाक्य आणि हुकमासाठी चालतात ते शब्द, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘गंजलेली लांब तलवार’ हे तुम्हाला वाचण्यापुरतं. तलवारीच्या नोंदीत ‘तलवार लांब’ अशी ओळखशब्दांची वेगळी यादी असते, आणि शोध त्या यादीतच होतो. रचणारा ‘गंजलेली’ लिहायला विसरला असेल तर ‘घे गंजलेली’ म्हटल्यावर खेळ सांगतो, असं इथे काही नाही. तलवार समोर पडलेली, तरी नाही! नवखे खेळाडू इथेच वैतागतात.

शब्द कुठे शोधायचा हे क्रियापद ठरवतं. ‘घे’ म्हटलं की जमिनीवर, ‘टाक’ म्हटलं की तुमच्या सामानात, ‘मार’ म्हटलं की त्या दालनातल्या जिवांमध्ये. ‘बघ’ची झेप मोठी असते: सर्कलमडच्या सर्वसाधारण शोधात आधी दालनातले जीव, मग अंगावर घातलेलं, मग सामान, मग जमीन असा क्रम आहे. कुणाला निरोप सांगायचा असेल तर शोध अख्ख्या जगात होतो.

आता त्या तिघांकडे येऊ. जळगावच्या एसटी स्टँडवर ‘ओ पाटील’ अशी हाक मारली तर पाच-सहा माना वळतील, आणि कोण हवंय ते तुम्ही नजरेने ठरवाल. यंत्राला ती सोय नाही. ते दालनातल्या जिवांची साखळी पहिल्या कडीपासून तपासतं आणि शब्द जुळणारा जो पहिला भेटेल त्याच्यावर थांबतं. नवा आलेला जीव या साखळीत शेवटी नाही, सुरुवातीला जोडला जातो. प्रोग्रॅमरला तसं करणं सर्वांत सोपं, संपूर्ण साखळी चालत जावं लागत नाही. म्हणून वार पडतो तो सगळ्यांत शेवटी आलेल्या पहारेकऱ्यावर. ज्याची झुंज तुम्ही मघापासून मनात मांडत होता तो बाजूला उभा राहतो.

यावर उतारा म्हणजे आकडा. ‘मार २.पहारेकरी’ म्हणजे जुळणाऱ्यांपैकी दुसरा. पण हा नंबर त्या पहारेकऱ्याच्या कपाळावर लिहिलेला नाही, तो दर हुकमाला नव्याने मोजला जातो. तुमचं बोट एंटरवर जाईपर्यंत चौथा पहारेकरी आत आला, तर मघाचा दुसरा आता तिसरा झालेला असतो. शिवाय मोजणीत फक्त तुम्हाला दिसणारेच धरतात. साखळीच्या सुरुवातीचा पहारेकरी अदृश्य असेल आणि तुमच्या जोडीदाराकडे अदृश्य बघण्याची विद्या असेल, तर त्याचा दुसरा तो तुमचा पहिला. दोघं एकाच दालनात उभे राहून, एकच हुकूम देऊन वेगवेगळ्या माणसांवर तुटून पडतात. मला विचाराल तर या खेळांतली ही सर्वांत सुंदर अडचण आहे. आकड्यांत शून्यही चालतो: सर्कलमडमध्ये नावाआधी ‘०.’ लावलं की शोध फक्त खऱ्या खेळाडूंत होतो, कारण एखाद्या राक्षसाचा ओळखशब्द आणि खेळाडूचं नाव एकच निघू शकतं.

नाव दिलंच नाही तर? लढाई चालू असताना नुसतं ‘लाथ’ म्हटलं तरी ती समोरच्या शत्रूलाच बसते. मंत्रांचं अजून मजेशीर आहे. लक्ष्य न सांगता जखम भरण्याचा मंत्र म्हटला तर तो स्वतःवर चालतो. मारक मंत्र मात्र चालू लढाईतल्या शत्रूवर जातो, आणि शत्रूच नसेल तर खेळ विचारतो, कुणावर? मारक मंत्र चुकून स्वतःवर पडू नये एवढी काळजी कुणीतरी घेतलेली आहे.

सगळी घराणी अशी मुकाट निवड करत नाहीत. झेरॉक्सच्या पॅलो आल्टो संशोधन केंद्रात १९९० साली पॅव्हेल कर्टिसने सुरू केलेल्या लॅम्डामूमध्ये पूर्ण जुळणारं नाव अर्धवट जुळणाऱ्यापेक्षा वरचढ ठरतं, आणि तरीही एकाहून जास्त उरले तर यंत्र कुणालाच निवडत नाही. नाव संदिग्ध आहे असा निकाल देतं. गप्पा मारायच्या, घरं रचायच्या जगात हे परवडतं. डिकूत दर दोन-तीन सेकंदांनी वार होत असतात, ‘यांतला कोणता?’ असं विचारत बसलं तर उत्तर येईपर्यंत विचारणाराच आडवा होईल.

हे सगळे नियम इंग्रजी हुकमांवर बेतलेले: क्रियापद आधी, मग नाव, मग हत्यार. मराठीत मात्र ‘पहारेकऱ्याला तलवारीने मार’ म्हणा की ‘तलवारीने मार पहारेकऱ्याला’ म्हणा, कोण मरतो आणि कशाने हे प्रत्यय सांगतात, जागा नाही. यंत्राला हे काम उलट सोपं पडावं. गोची सामान्यरूपात आहे: ‘ला’ छाटल्यावर उरतं ‘पहारेकऱ्या’, आणि नोंदीत असतो ‘पहारेकरी’. साधा उपाय म्हणजे रचणाऱ्याने प्रत्येक वस्तूच्या ओळखशब्दांत सामान्यरूपही लिहून टाकायचं. व्याकरण शिकवण्यापेक्षा ते स्वस्त. अहिराणीत खेळ करायचा तर बऱ्याच शब्दांना तेवढंही नको. ‘देवले’, ‘घरमा’ यांतून ‘ले’ आणि ‘मा’ काढले की देव आणि घर जसेच्या तसे हाती येतात. फक्त ‘मामा’ हा शब्द आला की सांभाळायचं. तिथे डोळे मिटून ‘मा’ छाटला तर मामा समोर उभा असूनही खेळ म्हणेल, ‘मा’ नावाचं इथे कुणी नाही. तेव्हा लॅम्डामूसारखं आधी अख्खा शब्द जुळतो का ते पाहायचं, आणि नाहीच जुळला तर कात्री काढायची.