जोंधळ्याच्या रानातून आलेल्या कादंबऱ्या: फॉकनर, मार्केस, मो यान आणि आपला मराठवाडा

चीनच्या मो यानला २०१२ साली साहित्याचं नोबेल मिळालं. त्याची सगळ्यात गाजलेली कादंबरी लाल ज्वारीच्या रानावरची आहे, आणि ज्वारी म्हणजे खरोखर ज्वारीच, पुरुषभर उंच वाढणारी, माणूस आत शिरला की बाहेरून दिसत नाही अशी. त्या रानात माणसं लपतात, प्रेम करतात, मरतात, जपानी फौज ते रान तुडवून मधून रस्ता काढते, आणि त्याच जोंधळ्याची दारू गाळून गाव जगतं. मराठवाड्यातल्या माणसाला हे समजवून सांगावं लागत नाही, त्याला ते रान वाचता वाचताच दिसतं.

तरी पण जगातले मोठे कादंबरीकार म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं लंडन, पॅरिस, फारतर मॉस्को येतं. विसाव्या शतकाचा इतिहास नीट लावून बघितला तर त्यातले कितीतरी जण मागास, कोरडवाहू, राजधानीनं वाऱ्यावर सोडलेल्या मुलखातून आलेत, आणि ते एकमेकांना अनुवादातून वाचत वाचत पुढं आलेत. ही साखळी आपल्या इकडच्या लिहिणाऱ्या पोरापोरींना माहीत पाहिजे असं मला मनापासून वाटतं, म्हणून ही पार्श्वभूमी जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात फार मागं जाते. जपानमध्ये अकराव्या शतकाच्या सुरुवातीला मुरासाकी शिकिबू नावाच्या दरबारातल्या बाईनं गेंजीची कथा लिहिली, ५४ प्रकरणांची. त्या काळी शिकलेले पुरुष चिनी भाषेत लिहायचे आणि बायका साध्या काना लिपीत बोलीतली जपानी लिहायच्या, म्हणजे जगातल्या अगदी पहिल्या कादंबऱ्यांतली एक बाईनं, बोलीत, पंडितांच्या भाषेबाहेर राहून लिहिलेली आहे. स्पेनचा सर्व्हांतेस लढाईत डावा हात निकामी झालेला, पुढं अल्जीयर्समध्ये पाच वर्षं कैदेत काढलेला माणूस, त्याच्या डॉन किहोतेचा पहिला भाग १६०५ चा आणि दुसरा १६१५ चा. चीनमध्ये त्साव श्वेचिननं अठराव्या शतकात लाल महालाचं स्वप्न लिहिलं, ते तो गेल्यावर १७९१ मध्ये छापलं गेलं. ही सगळी सुटी सुटी बेटं होती, एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता.

खरी गाडी सुरू झाली ती छापखाना आणि मासिकं आल्यावर. डिकन्सनं १८३६ पासून पिकविक दर महिन्याला एक शिलिंगाच्या भागांत विकली. रशियात तर काय काळ होता बघा, १८६६ साली रशियन मेसेंजर या एकाच मासिकात दस्तयेवस्कीची गुन्हा आणि शिक्षा क्रमशः येत होती आणि तोलस्तोयच्या युद्ध आणि शांतीचे सुरुवातीचे भागही. त्याच वर्षी दस्तयेवस्की कर्जात बुडालेला, एका प्रकाशकाशी करार करून बसलेला की १ नोव्हेंबरपर्यंत नवी कादंबरी दिली नाही तर पुढची नऊ वर्षं तो जे लिहील ते प्रकाशक फुकटात छापणार. ऑक्टोबर उजाडला तरी कागदावर काहीच नाही. मग आन्ना नावाची विशीतली स्टेनोग्राफर ठेवली, तो तोंडी सांगायचा, ती उतरवून घ्यायची, रात्री घरी जाऊन नीट लिहून सकाळी आणायची, आणि सव्वीस दिवसांत जुगारी ही कादंबरी पूर्ण झाली. पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं आणि नंतर त्याच्या पुस्तकांचा सगळा व्यवहार आन्नानंच सांभाळला. आपल्याकडं हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात अशीच क्रमशः आली. त्याआधी बाबा पदमनजींची यमुनापर्यटन १८५७ ची, तीही विधवांच्या हालांवर. ओडिशात फकीरमोहन सेनापतींनी जमीन लाटणाऱ्या सावकारावर कादंबरी लिहिली ती १८९७ पासून मासिकात येत होती.

पण हे पुण्यामुंबईचं झालं. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि आपला रस्ता वेगळाच होता, हे बऱ्याच मराठी साहित्याच्या इतिहासात दोन ओळींत उरकतात. कारभार उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत, १९१८ ची उस्मानिया युनिव्हर्सिटीसुद्धा उर्दू माध्यमाची, सभा घ्यायची तर गश्ती निशाण ५३, म्हणजे सभांवर बंधनं घालणारा सरकारी हुकूम, आडवा, त्यामुळं मराठी शाळा आणि वाचनालयं चालवणं हेच एक राजकारण होतं. परभणीचं गणेश वाचनालय १९०१ चं, ते नुसतं पुस्तकांचं कपाट नव्हतं हे त्या पिढीला माहीत होतं.

याचा दुसराही पदर आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. उर्दू कादंबरी जिनं उभी केली त्या पिढीतले कितीतरी जण हैदराबादला येऊन राहिले. मिरातुल उरूस (१८६९) लिहिणारे डेप्युटी नझीर अहमद हैदराबाद संस्थानच्या नोकरीत होते. फसाना-ए-आझाद लिहिणारे रतननाथ सरशार शेवटी हैदराबादलाच गेले आणि तिथंच वारले. उमराव जान अदा (१८९९) लिहिणारे मिर्झा हादी रुसवा उस्मानियाच्या दारुल तर्जुमामध्ये, म्हणजे अनुवाद खात्यात, कामाला होते आणि १९३१ ला हैदराबादमध्येच त्यांचा अंत झाला. म्हणजे भारतातली एक मोठी कादंबरीची परंपरा आपल्याच राजधानीत नांदत होती, आणि नांदेड, परभणी, बीडच्या ज्या म्हाताऱ्यांनी सरकारी शाळेत उर्दू गिरवली त्यांना ती थेट वाचता येत होती. त्या जुलमी राजवटीबद्दल मला काडीचंही प्रेम नाही, पण भाषा लादलेली होती म्हणून त्या भाषेतलं साहित्य परकं होत नाही. १९४८ नंतर आपण ती खिडकी लावून घेतली, आणि माझ्या मते त्यात आपलं नुकसान झालं.

आता अमेरिकेत जाऊ, पण न्यूयॉर्कला नाही. मिसिसिपी म्हणजे अमेरिकेतलं सगळ्यात मागास राज्य, कापसाचं, गुलामगिरीचं, हरलेल्या यादवी युद्धाचं. तिथल्या ऑक्सफर्ड नावाच्या छोट्या गावात विल्यम फॉकनर राहायचा. त्यानं योकनापटाफा नावाचा आख्खा जिल्हा कल्पनेनं वसवला आणि जवळपास सगळ्या मोठ्या कादंबऱ्या त्या एका जिल्ह्यात घडवल्या. १९३६ च्या अ‍ॅब्सलम, अ‍ॅब्सलम कादंबरीच्या शेवटी त्यानं स्वतः हातानं काढलेला नकाशा आहे, त्यावर नद्या, रेल्वे, कोर्ट, कुठल्या वळणावर कोण मेलं ते सगळं टिपलेलं, खाली क्षेत्रफळ २४०० चौरस मैल, लोकसंख्या गोरे ६२९८, काळे ९३१३, आणि मालक म्हणून स्वतःचं नाव. २४०० चौरस मैल म्हणजे साधारण ६२०० चौरस किलोमीटर, जवळपास आपल्या परभणी जिल्ह्याएवढं. एवढ्या जागेत माणसाला आयुष्यभर पुरेल इतकं लिहिण्यासारखं सापडलं. अ‍ॅज आय ले डाइंग तर त्यानं वीजघरात रात्रपाळी करता करता काही आठवड्यांत लिहिली, एका गरीब शेतकरी घरातल्या बाईचं प्रेत बैलगाडीसारख्या खेचरांच्या गाडीतून तिच्या माहेरच्या गावी नेतात एवढीच गोष्ट. १९४९ चं नोबेल त्याला मिळालं.

फॉकनर स्पॅनिशमध्ये गेला आणि तिथं आग लागली. मेक्सिकोच्या हालिस्को भागातला हुआन रुल्फो, लहानपणी बापाचा खून झालेला, अनाथाश्रमात वाढलेला, टायर कंपनीत नोकरी करणारा, त्यानं १९५५ ला पेद्रो पारामो लिहिली, जेमतेम शंभर-सव्वाशे पानांची. एक पोरगा बापाला शोधत कोमाला गावात येतो, गाव ओसाड, आणि बोलणारी सगळी माणसं मेलेली. पाटलानं हात आखडले आणि गाव उपाशी मेलं, असं ते गाव. माझ्यासाठी आजवरची सगळ्यात खरी दुष्काळाची कादंबरी हीच.

ही कादंबरी कोलंबियाच्या गाब्रिएल गार्सिया मार्केसच्या हातात मेक्सिकोत एका मित्रानं ठेवली आणि त्यानं ती जवळपास पाठ करून टाकली, हे त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. मार्केसचं गाव आराकाताका, केळीच्या मळ्यांचं. मळे अमेरिकन युनायटेड फ्रूट कंपनीचे. १९२८ च्या डिसेंबरमध्ये जवळच्या सिएनागामध्ये संपावरच्या मजुरांवर सैन्यानं गोळीबार केला, किती मेले त्याचा आकडा कधीच नक्की झाला नाही. मार्केस तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता, पण आजोबांच्या घरात तो हे ऐकत वाढला. १९६७ ला ब्युनोस आयर्समध्ये छापलेल्या ‘एकाकीपणाची शंभर वर्षं’ या त्याच्या कादंबरीत तो गोळीबार आहे, आणि गंमत अशी की पुस्तकात गावाला तो आठवतच नाही, कंपनीनं आणि सरकारनं सगळ्यांच्या डोक्यातून पुसून टाकलेला. हस्तलिखित पोस्टानं पाठवायला नवराबायकोकडं पुरेसे पैसे नव्हते, म्हणून आधी अर्धं पाठवलं, मग घरातलं सामान गहाण टाकून उरलेलं. १९८२ ला नोबेल घेताना भाषणात त्यानं फॉकनरला आपला गुरू म्हटलं.

आणि हेच दोघं, फॉकनर आणि मार्केस, ऐंशीच्या दशकात चिनी भाषेत पोचले. मो यान शांतुंग प्रांतातल्या काओमीचा, १९५५ चा जन्म, लहानपण भयंकर दुष्काळातलं, सांस्कृतिक क्रांतीत शाळा सुटली, गुरं राखली, पुढं सैन्यात भरती झाला. त्यानं नोबेलच्या भाषणात सांगितलं की या दोघांमुळं त्याला आपल्या काओमीवर लिहायचं धाडस आलं. त्याआधी आपल्या गावात लिहिण्यासारखं काही नाही असंच त्याला वाटायचं. हे वाचून मला आपली कितीतरी हुशार पोरं आठवतात जी जालन्याच्या, हिंगोलीच्या खेड्यातून आलेली असतात आणि लिहायला बसली की पुण्यातल्या फ्लॅटमधली गोष्ट लिहितात.

आफ्रिकेचा धागा वेगळा आहे. नायजेरियाच्या ओगिदी गावचा चिनुआ अचेबे कॉलेजात इंग्रजांनी आफ्रिकेवर लिहिलेल्या कादंबऱ्या वाचून चिडला आणि आपलं गाव आतून लिहायचं त्यानं ठरवलं. थिंग्ज फॉल अपार्टचं एकुलतं एक हस्तलिखित त्यानं लंडनच्या टायपिंग एजन्सीकडं पैसे भरून पाठवलं आणि ते तिथं महिनोनमहिने धूळ खात पडलं. अचेबे रेडिओत नोकरीला होता, तिथली एक सहकारी बाई लंडनला गेली तेव्हा तिनं जाऊन खडसावलं म्हणून ते टाइप होऊन आलं, नाहीतर १९५८ ची ती कादंबरी आज नसती. केनियाचा न्गुगी वा थिओंगो १९७७ च्या शेवटी तुरुंगात गेला, तोही गावकऱ्यांसोबत गिकुयू भाषेत नाटक केलं म्हणून. तिथं त्यानं टॉयलेट पेपरवर गिकुयूत कादंबरी लिहिली, आणि त्यानंतर कथा-कादंबरी इंग्रजीत लिहिणं सोडून दिलं.

आपल्याकडं आफ्रिकेपेक्षा आधी आले ते अमेरिकेतले काळे लेखक, आणि ते मिलिंद कॉलेजच्या दारातून आले. बाबासाहेबांनी १९५० ला औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) कॉलेज काढलं, तिथं शिकवणारे म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले, गंगाधर पानतावण्यांनी दलित साहित्याचं ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालवलं, लातूरच्या जनार्दन वाघमारे सरांनी अमेरिकन निग्रो साहित्यावर मराठीत पुस्तक लिहिलं. रिचर्ड राइटची नेटिव्ह सन १९४० ची, राल्फ एलिसनची इनव्हिजिबल मॅन १९५२ ची, ही नावं मराठवाड्यात चर्चेत होती. फक्त इथं तो विस्तव कादंबरीत कमी आणि आत्मकथनात जास्त उतरला. प्र. ई. सोनकांबळ्यांचं आठवणींचे पक्षी १९७९ चं. लातूर तालुक्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचं उचल्या, ज्याला १९८८ चा साहित्य अकादमी मिळाला. माझं स्पष्ट मत आहे की जगातल्या कुठल्याही मोठ्या कादंबरीशेजारी उचल्या ठेवावं, आत्मकथन आहे म्हणून वेगळ्या फडताळात ढकलू नये.

कादंबरीतच बोलायचं तर रा. रं. बोराडे. लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे, २०२५ च्या फेब्रुवारीत गेले. त्यांची पाचोळा १९७१ ची, गावातल्या एका शिंप्याच्या घराची वाताहत, त्याच्या बायकोच्या तोंडून, तिच्याच बोलीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. फॉकनरनं मिसिसिपीच्या खेडुतांना त्यांच्याच जिभेनं बोलू दिलं म्हणून जग वाहवा करतं, तेच काम बोराड्यांनी एका शिंपिणीसाठी केलंय.

फरक पडतो तो अनुवादानं. आंतरराष्ट्रीय बुकर हे इंग्रजीत अनुवाद झालेल्या पुस्तकाला मिळणारं पारितोषिक, त्याचे ५० हजार पौंड लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मे निम्मे वाटतात. २०१६ ला दक्षिण कोरियाच्या हान कांगला ते मिळालं तेव्हा अनुवादक डेबोरा स्मिथ सोबत होती, २०२२ ला हिंदीतल्या गीतांजली श्रींसोबत डेझी रॉकवेल, २०२५ ला बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना मिळालं तेव्हा दीपा भास्ती. कन्नड म्हणजे उदगीर, देगलूरला लागून असलेली भाषा, बिदर-गुलबर्गा तर १९५६ पर्यंत आपल्यासोबत एकाच राज्यात होते. आपल्या दोन्ही विद्यापीठांत इंग्रजी विभाग आहे, मराठी विभाग आहे, दोन्ही भाषा घरच्यासारख्या येणारी पोरंही आहेत. त्यांच्यातल्या दोघाचौघांना वर्ष-दोन वर्षं पगार देऊन बोराडे, सोनकांबळे, गायकवाड यांच्यावर बसवा, इंग्रजीत आणि कन्नडमध्ये सुद्धा, आणि उर्दू जाणणारा एखादा म्हातारा सापडला तर रुसवा आणि सरशार मराठीत आणायला त्यालाही सोबत घ्या.