क्युव्हेट की कोरडी पावडर: बँड गॅप कशावरून काढायचा?

नागपुरात एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड करणाऱ्या पोरांचा ठरलेला प्रश्न: "सर, बँड गॅप इतका कमी काहून येऊन राहिला?" बँड गॅप म्हणजे पदार्थातल्या इलेक्ट्रॉनला मोकळं व्हायला लागणारी किमान ऊर्जा; त्याहून कमी ऊर्जेचा प्रकाश पदार्थ शोषत नाही. त्या प्रश्नावर आधी विचारायचं ते एवढंच की पावडर पाण्यात घोळवून क्युव्हेटमध्ये (द्रावण मोजायच्या पारदर्शक कुपीत) ठेवली होती, की कोरडीच मोजली? दोन्ही आलेख त्याच यूव्ही-व्हिज (अतिनील आणि दृश्य प्रकाशात मोजणाऱ्या) यंत्रातून निघतात, आडव्या अक्षावर दोन्हीकडे नॅनोमीटरच असतात. म्हणून गल्लत होते.

क्युव्हेटच्या मापात यंत्राला फक्त समोरच्या डिटेक्टरपर्यंत किती प्रकाश पोचला ते कळतं. अ‍ॅब्सॉर्बन्स (प्रकाश किती कमी झाला याचा आकडा) 1 म्हणजे 10 टक्केच पोचला. उरलेला पदार्थाने शोषला की कणांनी बाजूला उधळला, याच्याशी यंत्राला घेणंदेणं नाही. दूध दृश्य प्रकाश जवळपास शोषत नाही, तरी त्याचा अ‍ॅब्सॉर्बन्स भरमसाट येईल. पोटॅशियम परमँगनेटच्या स्वच्छ द्रावणाला बिअर-लॅम्बर्टचा नियम (द्रावण जितकं तीव्र तितकं शोषण जास्त) खुशाल लावा. गढूळ पाण्याला नाही, त्यातून पावडर तळाशी बसत जाते आणि दर स्कॅनला आकडा बदलतो.

कोरड्या पावडरीसाठी डीआरएस, म्हणजे डिफ्यूज रिफ्लेक्टन्स स्पेक्ट्रोस्कोपी. यात उधळलेला प्रकाशच इंटिग्रेटिंग स्फिअर (आतून पांढरा पोकळ गोल) गोळा करतो, तुलनेला बेरियम सल्फेटची पांढरी पावडर असते. मग 1931 चं कुबेल्का-मुंक सूत्र: एकातून परावर्तन वजा करून वर्ग करायचा, त्याला परावर्तनाच्या दुपटीने भागायचं. थर मात्र इतका जाड हवा की प्रकाश आरपार जाऊ नये. हा आकडा शोषणाच्या जागी धरून टाउक प्लॉट काढायचा: उभ्या अक्षावर शोषण गुणिले प्रकाशाची ऊर्जा याचा वर्ग किंवा वर्गमूळ, आडव्या अक्षावर ऊर्जा, आणि चढाची सरळ रेघ आडव्या अक्षाला जिथे छेदते तो बँड गॅप. झिंक ऑक्साइडला वर्ग, टायटॅनियम डायऑक्साइडच्या एका स्फटिकरूपाला म्हणजे अ‍ॅनाटेजला वर्गमूळ. अ‍ॅनाटेजचा बँड गॅप सुमारे 3.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे 1240 भागिले 3.2, साधारण 387 नॅनोमीटर.

क्युव्हेटचा आलेख फसवा आहे का, हे 600 ते 800 नॅनोमीटरमध्ये दिसतं. पांढऱ्या पावडरीची रेघ तिथे शून्याशी टेकायला हवी. तिथेही उतार असेल तर ते स्कॅटरिंग (प्रकाश उधळणं), आणि त्या उतारावरून टाउकची रेघ ओढली की बँड गॅप खोटाच कमी येतो. मग प्रबंधात 'दृश्य प्रकाशात चालणारा फोटोकॅटॅलिस्ट' (प्रकाशाने रासायनिक क्रिया घडवणारा उत्प्रेरक) असं ठोकून दिलं जातं, हे मला सगळ्यात खटकतं.

पारदर्शक पातळ थर असेल तर थेट ट्रान्समिशनमध्ये मोजा. फक्त साधी काच 300 नॅनोमीटरच्या आसपास आणि त्याखाली प्रकाश अडवते, तिथे क्वार्ट्झच लागेल.