बांधकाम साइटवरील शौचालय व हात धुण्याची सोय

बांधकाम चालू असलेल्या जागी कामगारांसाठी शौचालय, मुतारी आणि हात धुण्याचे पाणी पुरवणे ही कायद्याने घातलेली अट असून तिची जबाबदारी मालकावर किंवा ठेकेदारावर असते. कारखान्यात संडास इमारतीतच असतो. साइटवर इमारतच अजून व्हायची असते. मलवाहिनी जोडलेली नसते, माणसे आज दहा तर स्लॅबच्या दिवशी शंभर असतात. म्हणून ही सोय पाया खणायला घेण्याआधीच करावी लागते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८८ सालच्या १६७ क्रमांकाच्या करारात स्वच्छतागृहे, धुण्याची सोय आणि पिण्याचे पाणी यांचा उल्लेख आहे. स्त्री-पुरुषांसाठी वेगळी व्यवस्था त्यातच सांगितली आहे. भारतात १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने शौचालय-मुतारी बंधनकारक केली आणि पिण्याचे पाणी त्यांपासून किमान सहा मीटर दूर ठेवायला सांगितले. अमेरिकी नियमात वीसपर्यंत कामगारांना एक शौचालय, त्यापुढे दर चाळीस जणांमागे एक शौचकूप व एक मुतारी, आणि दोनशे किंवा अधिक कामगार असल्यास हेच प्रमाण दर पन्नास जणांमागे धरले जाते. ब्रिटनमध्ये आठवड्यातून एकदा उपसल्या जाणाऱ्या फिरत्या शौचालयांसाठी दर सात जणांमागे एक असे प्रमाण सुचवले जाते. सातचे हे प्रमाण उपसण्याच्या वेळापत्रकाशी जोडलेले आहे, कारण टाकी किती दिवसांनी उपसली जाते यावर शौचालय वापरण्याजोगे राहते की नाही हे ठरते. नुसती संख्या मोजून तपासणी उरकणे म्हणूनच अपुरे आहे.

अंतराचेही तसेच. विसाव्या मजल्यावर सळ्या बांधणाऱ्याला खाली जाऊन यायला होइस्टची (माणसे-सामान वर-खाली नेणाऱ्या उद्वाहकाची) वाट पाहावी लागते. अंगावर काम घेतलेल्या माणसाची तेवढी मजुरी बुडते, मग तो आडोसा शोधतो. बायका तर पाणी पिणेच टाळतात. उन्हात कष्टाचे काम करताना पाणी टाळले की उष्माघाताचा धोका वाढतो, लघवी तुंबवून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. वरच्या मजल्यांवर काम चढेल तसे शौचालयही वर नेणे, आतून लागणारी कडी, दिवा आणि पाळीच्या कपड्यासाठी झाकणाचा डबा या गोष्टी खर्चाच्या मानाने किरकोळ आहेत; त्या न देण्याला सबब नाही.

हात धुण्याची बाब याहून दुर्लक्षित. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते, त्याचा सामू (pH) १२ ते १३ असतो. गवंड्याच्या बोटांच्या बेचक्यांत आणि नखांच्या कडांना ते साचते, त्वचा भाजते, चिरते. सिमेंटमधल्या षट्संयुजी क्रोमियममुळे (क्रोमियम धातूच्या एका घातक रूपामुळे) अ‍ॅलर्जीचा इसब होतो, आणि तो एकदा जडला की पुष्कळांना धंदा सोडावा लागतो. युरोपीय संघाने २००५ पासून सिमेंटमधील विद्राव्य षट्संयुजी क्रोमियमवर दहा लाखांत दोन भागांची मर्यादा घातली. तरी धुण्याची गरज संपली नाही, कारण अल्क तसाच राहतो. जुना रंग खरवडताना शिसे हाताला लागते आणि जेवताना, विडी ओढताना पोटात जाते. सॅनिटायझरने जंतू मरतात, पण सिमेंट किंवा शिसे निघत नाही. त्याला वाहते पाणी आणि साबणच लागतो. ब्रिटनच्या २०१५ च्या नियमांत गरम-थंड किंवा कोमट पाणी, साबण आणि हात पुसण्याची सोय शौचालयालगतच असावी असे म्हटले आहे. मिश्रणाच्या जागी आणि जेवणाच्या शेडपाशीही नळ हवा. अवजारे बुडवायच्या पिंपातच हात धुण्याची पद्धत सर्रास दिसते. त्या पाण्यात सिमेंटच विरघळलेले असते.