एग बेट : फेरीबोटीवर बेतलेले जीवन

एग हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळील इनर हेब्रिडीज द्वीपसमूहातील एक छोटे बेट. रम, मक आणि कॅना या शेजारच्या बेटांसह ते ‘स्मॉल आइल्स’ या गटात मोडते. क्षेत्रफळ सुमारे ३१ चौ. किमी. दक्षिण भागात अन स्गूर हा ३९३ मी. उंचीचा काळ्या ज्वालामुखी खडकाचा कडा असून तो दुरूनच नजरेत भरतो. बोटीचा धक्का दक्षिणेला गॅल्मिसडेल येथे, तर बरीचशी वस्ती उत्तरेला क्लेडेल भागात आहे. दोहोंना जोडणारा अरुंद रस्ता हाच बेटावरचा मुख्य रस्ता. १८४१ च्या जनगणनेत येथे पाचशेहून अधिक माणसे होती. २०११ मध्ये ८३ उरली होती. त्यानंतर हा आकडा पुन्हा शंभरीपलीकडे गेला आहे.

मुख्य भूमीवरचे मॅलेग हे बंदर एगचे खरे प्रवेशद्वार. मॅलेगपर्यंत १९०१ पासून रेल्वे येते आणि तिथून कॅलमॅक कंपनीची ‘लॉकनेव्हिस’ ही फेरीबोट थेट निघाली, तर सव्वा तासात एगला पोहोचते. ‘थेट’ हा शब्द येथे महत्त्वाचा. एकच जहाज चारही बेटांना सेवा देते आणि कोणत्या दिवशी कोणते बेट आधी घ्यायचे, हे वारानुसार बदलते. त्यामुळे तेवढेच अंतर कापायला एखाद्या दिवशी कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि काही दिवशी बोट येतच नाही. हिवाळ्यात फेऱ्या आणखी कमी होतात. वाऱ्याचा जोर वाढला की असलेली फेरीही रद्द होते. दवाखान्याची वेळ, गवंड्याचे येणे, पाहुण्यांचा मुक्काम अशा सगळ्या गोष्टी म्हणूनच आधी वेळापत्रकाशी आणि मग हवामानाच्या अंदाजाशी ताडून पाहाव्या लागतात.

बोटीच्या दिवशी धक्क्यावर सारे बेट भेटते. दोर पकडायला बेटावरचीच माणसे उभी असतात; मागे व्हॅन आणि लहान ट्रॅक्टर रांगेने लागलेले. जहाज पाठीमागून धक्क्याकडे सरकते आणि आपली लांबलचक फळी पाण्यात उतरत जाणाऱ्या बांधीव उतारावर टेकवते. ही फळी मुद्दामच लांब ठेवलेली आहे, म्हणजे धक्क्याजवळ पाणी उथळ असले तरी जहाजाचा तळ खोल पाण्यातच राहतो. मग दुकानाचा किराणा, टपाल, गॅसच्या टाक्या, इमारती लाकूड, जनावरांचे खाद्य असे सगळे उतरते. परतीच्या खेपेला विक्रीसाठी मेंढ्या आणि गुरे चढतात. कोणाचे खोके आले नाही, कोणाचे ओले झाले, हे तिथल्या तिथे सर्वांना कळते. दुकान आणि चहाघर धक्क्यालगतच असल्यामुळे बोट गेल्यावरही माणसे लगेच पांगत नाहीत. पर्यटकांना आपली मोटार बेटावर नेता येत नाही. वाहनासाठी परवाना लागतो आणि तो मुख्यतः रहिवाशांना मिळतो. हा नियम अगदी योग्य आहे. एवढ्याशा रस्त्यावर बाहेरच्या गाड्यांना जागाच नाही.

वाहने थेट उतरवण्याच्या या उताराची सोय २००४ पासूनची. त्याआधी फेरीबोट खोल पाण्यात थांबे आणि बेटावरून एक छोटी होडी तिच्याजवळ जाई. हलत्या जहाजाच्या बाजूने माणसे, पिशव्या आणि सामान त्या होडीत उतरवायचे, मग होडी किनाऱ्याला आणायची, आणि तिथे सगळे पुन्हा उचलायचे. म्हातारे, तान्ही मुले, आजारी माणसे, सर्वांना हाच मार्ग. दरवाजा, फ्रिज किंवा सिमेंटची पोती आणायची म्हणजे प्रत्येक वस्तू दोनदा हाताळावी लागे. घर बांधणे किंवा दुरुस्त करणे इतके खर्चाचे का पडे, हे यावरून समजते.

बेटाची जमीन दीर्घकाळ खासगी मालकांच्या हाती होती. पक्के भाडेकरार नसल्यामुळे कुळे घरांवर खर्च करायला धजत नसत. १९७५ मध्ये बेट एका इंग्लिश उद्योजकाने घेतले, १९९५ मध्ये ते एका जर्मन चित्रकाराकडे गेले. अखेर १२ जून १९९७ रोजी रहिवाशांनी हायलँड कौन्सिल ही स्थानिक स्वराज्य संस्था आणि स्कॉटिश वाइल्डलाइफ ट्रस्ट ही वन्यजीव संस्था यांच्या साथीने स्थापन केलेल्या ‘आइल ऑफ एग हेरिटेज ट्रस्ट’ने सुमारे १५ लाख पौंडांना बेट विकत घेतले. बराचसा पैसा लोकवर्गणीतून जमला आणि त्यातला मोठा वाटा नाव गुप्त ठेवणाऱ्या एका स्त्रीने दिला. या खरेदीची कथा जगभर सांगितली जाते, २००४ च्या उताराची मात्र क्वचितच. रोजच्या जगण्यात दोन्हींचे वजन सारखेच मानावे लागेल: जमिनीचा हक्क मिळाल्यावर घर बांधण्याची हिंमत आली, आणि ते बांधण्याचे सामान उतारावरून आले.

विजेची गोष्टही याच ओघातली. पूर्वी बहुतेक घरे डिझेलच्या जनरेटरवर चालत आणि ते डिझेल समुद्रावरूनच आणावे लागे. १ फेब्रुवारी २००८ रोजी पाणी, वारा आणि ऊन या तिन्हींवर चालणारी बेटाची स्वतःची वीजव्यवस्था सुरू झाली. एका घराला एका वेळी ५ किलोवॉट आणि व्यवसायाला १० किलोवॉट अशी मर्यादा सर्वांनी मान्य केली आहे. वीज जास्त झाली की ती सभागृहासारख्या सार्वजनिक इमारती गरम ठेवायला वापरतात. डिझेल आता मुख्यतः राखीव म्हणून लागते.

प्राथमिक शाळा बेटावर आहे. माध्यमिक शिक्षणासाठी मात्र मुलांना मॅलेगला वसतिगृहात राहावे लागते, आणि घरी येणे-जाणे बोटीच्या वारांवर ठरते. अकरा-बारा वर्षांच्या मुलांनी वादळामुळे घरी न जाता पलीकडेच अडकून पडणे, ही बेटावरच्या पालकांची सर्वांत मोठी चिंता असणे स्वाभाविक आहे. तातडीचा रुग्ण असल्यास हेलिकॉप्टर किंवा मॅलेगची लाइफबोट येते. उन्हाळ्यात अरिसेग गावाहून प्रवाशांची एक लहान बोटही सुटते, पण माल आणि वाहने यांची भिस्त लॉकनेव्हिसवरच आहे. ती दुरुस्तीसाठी गोदीत गेली की, तशीच लांब फळी असलेले दुसरे जहाज सहजी मिळत नाही.